फळ्यावरची नळी

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आमच्या शहाद्यात पाण्याची नळी माहीत नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. तापीतून उपसलेलं पाणी, विहिरीवरची मोटार, केळी-पपईच्या बागेतलं ठिबक, यांत इथल्या शेतकऱ्याची हयात गेलेली. नळी कुठं चोंदली, कुठं फुटली, कुठली झटकून चालेल आणि कुठली बदलावीच लागेल, हे त्याला नुसत्या पाण्याच्या धारेवरून कळतं. त्यामुळे हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा आहे, तिथं स्टेंट बसवू, असं डॉक्टरांनी सांगितलं की आमच्याकडच्या माणसाला ते चटकन उमगतं. नळीत क्षार साचले, आतून मोकळी केली, पुन्हा दबू नये म्हणून जाळी बसवली. झालं काम!

मलाही तसंच वाटायचं. माझा तर तो व्यवसायच होता. शहाद्याच्या एका शाळेत मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. दर वर्षी फळ्यावर हृदयाची आकृती काढायची, शुद्ध रक्ताला लाल खडू, अशुद्ध रक्ताला निळा, आणि ‘हृदय म्हणजे पंप, रक्तवाहिन्या म्हणजे नळ्या’ हे वाक्य मुलांकडून घोकून घ्यायचं. वाक्य सोपं, लक्षात राहणारं. परीक्षेत त्याला गुणही मिळत.

२००५च्या फेब्रुवारीत गोमाईच्या पुलापर्यंत चालत जाताना माझी छाती भरून यायला लागली. थांबलो की बरं वाटे, चाललो की पुन्हा तेच. आमच्या भागातले लोक अशा वेळी धुळं, नाशिक किंवा सुरत गाठतात. मी सुरत गाठली. प्रकाशा, नंदुरबार, नवापूर, सोनगड, व्यारा असा तो रस्ता जीपमधून संपता संपत नव्हता. तिथं अँजिओग्राफी झाली, एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झाल्याचं दिसलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात औषधाचा लेप असलेला स्टेंट बसला. आठवड्याभरात मी घरी होतो.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आमच्या शेजारच्या आबांनाही स्टेंट बसला. पपईचे मोठे बागाईतदार, अंगाने खणखणीत. घरी आल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले आणि अहिराणीत विचारलं, ‘‘नयी मोकयी व्हयनी ना गुरुजी, मंग गोया कसाले?’’ नळी मोकळी झाली, तर आता गोळ्या कशाला? प्रश्न बिनतोड होता. मला उत्तर ठाऊक नव्हतं. पण तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला ‘माहीत नाही’ म्हणणं जड जातं. मी म्हणालो, ‘‘आबा, ठिबकच्या नळ्यांना तुम्ही ॲसिड सोडता ना, क्षार धरू नयेत म्हणून? तसंच हे.’’ आबा हसले. पटलं त्यांना.

पटलं, हीच पंचाईत झाली. ठिबकला ॲसिड रोज सोडत नाहीत. हंगामात एकदा-दोनदा सोडलं की पुरतं. पुढच्या पेरणीच्या गडबडीत आबांनी दोन्ही गोळ्या बंद केल्या. एक महागही होती आणि नळी तर मोकळीच होती. आषाढातल्या एका पहाटे त्यांच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला. गाडी काढेपर्यंत सगळं संपलं होतं. दारावर येणारे लोक म्हणत होते, ‘‘नळी पुन्हा चोंदली.’’

ती चोंदली नव्हती. जाळीवर रक्ताची गुठळी धरली होती, असं पुढे माझ्याच डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. चोंदायला महिने लागतात, गुठळीला काही मिनिटं पुरतात. त्यानंतर मी जे मिळेल ते वाचत गेलो. वाचता वाचता लक्षात आलं, की माझी चूक ही काही एकट्या शहाद्यातल्या मास्तराची चूक नव्हती. जगातल्या भल्याभल्या डॉक्टरांनी तीच आकृती फळ्यावर काढली होती, आणि रक्तवाहिनीने त्यांना दर वेळी वेगळं उत्तर दिलं होतं. ती हकिकत मला आज सांगायची आहे.

सुरुवात १९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे या गावी झाली. वेर्नर फोर्समान नावाच्या तरुण डॉक्टरने स्वतःच्या दंडातल्या शिरेतून एक बारीक लवचीक नळी थेट हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच अवस्थेत जिना उतरून क्ष-किरणांचा फोटो काढून घेतला. त्याबद्दल त्यांना आधी बोलणी खावी लागली आणि १९५६ साली नोबेल मिळालं. १९५८ साली अमेरिकेत क्लीव्हलंड इथं मेसन सोन्स यांच्या हातून रंगद्रव्य चुकून थेट हृदयाच्याच रक्तवाहिनीत गेलं. रोग्याचं हृदय काही क्षण थांबलं, पुन्हा सुरू झालं, आणि या रक्तवाहिन्या जिवंतपणी पाहता येतात हे कळलं. आज आपण जिला अँजिओग्राफी म्हणतो ती इथून निघाली.

मग आले चार्ल्स डॉटर. हे अमेरिकेतल्या पोर्टलंडचे क्ष-किरणतज्ज्ञ. जानेवारी १९६४ मध्ये त्यांनी एका वृद्ध बाईंच्या पायातली अरुंद झालेली रक्तवाहिनी आतून नळ्या सरकवत रुंद केली. बाईंचा पाय कापायचं ठरलेलं होतं, तो वाचला. नळ दुरुस्त करणारा जे पाण्याच्या नळीत करतो ते आपण रक्तवाहिनीत का करू नये, असा डॉटर यांचा रोकडा सवाल असे. एकमेकांवर आडवे ठेवलेले नळी आणि पाना ही त्यांची ओळखीची खूणच होऊन गेली होती. म्हणजे माझ्या फळ्यावरची आकृती काढणारा पहिला माणूस चांगलाच थोर होता!

गंमत अशी, की त्याच सुमारास आपल्या मुंबईत अगदी उलट दिशेने विचार चालला होता. केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन होते. १९६८ साली भारतातलं पहिलं हृदयरोपण त्यांनी केलं, हे अनेकांना ठाऊक असेल. त्याआधी, १९६५ साली, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण शोधनिबंध प्रसिद्ध केला. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाला पुष्कळसं रक्त आतल्या कप्प्यातूनच, स्नायूत झिरपून मिळतं. मग माणसाच्या हृदयाच्या भिंतीला सुईने बारीक छिद्रं पाडली तर? नळी दुरुस्त करायचीच नाही, जमिनीत पाणी मुरावं तसं रक्त मुरू द्यायचं. ही पद्धत टिकली नाही. पण शेतीच्या गावातल्या माणसाला ती वाचताना फार जवळची वाटते, एवढं खरं.

हृदयाच्या रक्तवाहिनीत फुगा घालून ती रुंद करण्याचं श्रेय आन्द्रेआस ग्रुंट्सिग यांचं. झुरिकमध्ये राहत्या घरातल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर त्यांनी हे फुगे बनवले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी ३८ वर्षांच्या एका रोग्यावर पहिली अँजिओप्लास्टी झाली. छाती न उघडता हृदयाचं काम! १९८५ साली स्वतः विमान चालवत असताना झालेल्या अपघातात ग्रुंट्सिग गेले. तोवर ही पद्धत जगभर पोचली होती आणि तिची अडचणही सगळ्यांना कळून चुकली होती.

रक्तवाहिनीने आपलं म्हणणं मांडायला सुरुवात केली ती इथं. फुगा काढला की काही रोग्यांत ती रबरासारखी पुन्हा आकसायची. काहींत फुग्याने आतला थर फाटून ती टेबलावरच बंद व्हायची. आणि सगळं नीट झालं तरी दहातल्या तीन-चार जणांत सहा महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायची. लोखंडी नळी साफ केल्यावर ती रागावत नाही. ही रागावत होती.

यावर उपाय म्हणजे आतून आधार. २८ मार्च १९८६ रोजी फ्रान्समधल्या तुलूझ इथं जाक प्युएल यांनी माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत पहिला स्टेंट बसवला. स्वित्झर्लंडमध्ये लोझानला उलरिख सिगवार्ट हेच करत होते. ‘स्टेंट’ हे खरं तर एकोणिसाव्या शतकातल्या एका इंग्रज दंतवैद्याचं आडनाव. दातांचे साचे घेण्यासाठी त्यांनी एक लगदा बनवला होता, त्याचं नाव फिरत फिरत हृदयापर्यंत आलं. अमेरिकेत हुलिओ पालमाझ या मूळच्या अर्जेंटिनाच्या डॉक्टरांना स्टेंटची रचना सुचली ती त्यांच्या गॅरेजमध्ये गवंड्याने टाकून दिलेल्या, गिलाव्यासाठी वापरायच्या जाळीवरून. पैसे दिले एका उपाहारगृहाच्या मालकाने. रिचर्ड शॅट्झ यांच्या जोडीने त्यांनी हा स्टेंट हृदयासाठी तयार केला.

जाळीने भिंत तोलून धरली. पण १९९१ साली युरोपातल्या पहिल्या १०५ रोग्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला, तेव्हा जवळजवळ चौथ्या हिश्शातल्या लोकांचे स्टेंट पूर्ण बंद झालेले आढळले. रक्ताला उघडी धातूची तार दिसली की ते गोठतं. त्याला दोष देता येत नाही, जखमेवर गोठणं हेच त्याचं काम. मग रक्त पातळ ठेवणारी जबर औषधं आली, त्यांनी रक्तस्राव होऊ लागले. मिलानच्या अँटोनियो कोलंबो यांनी १९९५च्या सुमारास दाखवून दिलं, की फुगा पुरेशा दाबाने फुगवून जाळी भिंतीला घट्ट बसवली आणि ॲस्पिरिनच्या जोडीला रक्तकणिकांना चिकटू न देणारी दुसरी गोळी दिली तर काम भागतं. आबांच्या दोन गोळ्या त्या याच. त्यांच्यामागे एवढा इतिहास आहे, हे मला ओट्यावर बसून सांगता आलं असतं तर!

१९९४ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. त्यांतल्या युरोपातल्या चाचणीत नुसत्या फुग्यानंतर ३२ टक्के रोग्यांत रक्तवाहिनी पुन्हा अरुंद झाली, स्टेंटनंतर २२ टक्क्यांत. फरक मोठा होता आणि स्टेंट जगभर रूढ झाला. पण २२ टक्के तरी का? जाळी तर दबलेली नव्हती. जाळीच्या आतल्या बाजूला नवं मांस वाढलं होतं. भिंतीतल्या स्नायूच्या पेशी जखम भरायला धावल्या आणि भरतच राहिल्या.

आता थोडं बाजूला जायला हवं, कारण या कोड्याचं उत्तर हृदयरोगतज्ज्ञांकडे नव्हतं. ते न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सशाच्या रक्तवाहिनीचे तुकडे टांगून बसलेल्या रॉबर्ट फर्चगॉट या औषधशास्त्रज्ञाकडे होतं. ॲसिटिलकोलीन नावाचं एक द्रव्य आहे. ते शरीरात टोचलं तर रक्तवाहिन्या सैलावतात, पण फर्चगॉट यांच्या टांगलेल्या पट्ट्या त्याने आकसायच्या. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. १९७८ साली मदतनिसाकडून प्रयोगाचा क्रम चुकला आणि एक पट्टी चक्क सैलावली. दुसरा कुणी असता तर मदतनिसाला रागावून मोकळा झाला असता. फर्चगॉट मागे लागले. शेवटी उलगडा झाला तो असा: पट्टी कापताना तिची आतली बाजू कशावर तरी घासली जायची आणि तिच्यावरचं नाजूक अस्तर निघून जायचं. अस्तर शाबूत असलेली पट्टी सैलावत होती, अस्तर गेलेली आकसत होती.

हे अस्तर म्हणजे पेशींचा फक्त एक थर. दुधावरच्या सायीहून कितीतरी पातळ. तोवर पाठ्यपुस्तकांत त्याला आतल्या गुळगुळीत मुलाम्यापलीकडे फारशी किंमत नव्हती. माझ्या फळ्यावर तर ते नव्हतंच. १९८० साली फर्चगॉट यांनी जाहीर केलं, की हे अस्तर एक संदेश तयार करतं आणि भिंतीतल्या स्नायूला ‘सैल हो’ म्हणून सांगतं. तो संदेश म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू आहे, हे काही वर्षांत सिद्ध झालं. १९९८ साली फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. ज्यांच्या नावाचं हे पारितोषिक, त्या आल्फ्रेड नोबेल यांना अखेरच्या दिवसांत छातीच्या दुखण्यावर नायट्रोग्लिसरीनच घ्यायला सांगितलं होतं. त्यांच्या सुरुंगाच्या दारूतलं तेच द्रव्य! आपल्याकडे छातीत दुखलं की जिभेखाली गोळी धरतात, तीही याच जातीची. ती नायट्रिक ऑक्साइड बाहेरून पुरवते, अस्तराला जमत नाही तेव्हा.

अस्तराची कामं तीन. गरजेप्रमाणे वाट रुंद करणं, रक्त गोठू न देणं आणि खालच्या स्नायूला नको तेवढं वाढू न देणं. तुम्ही जिना चढता तेव्हा निरोगी हृदयाला तीन-चार पट रक्त मिळू शकतं, ते या सैलावण्याच्या जोरावर, त्यातही अगदी बारीक रक्तवाहिन्यांच्या सैलावण्यामुळे. शिकागोच्या सेमूर ग्लागोव्ह यांनी १९८७ साली आणखी एक गोष्ट दाखवली. भिंतीत चरबीचा थर साचू लागला की रक्तवाहिनी बाहेरच्या बाजूने फुगते आणि आतली वाट बराच काळ पूर्वीएवढीच ठेवते. म्हणजे अँजिओग्राफीत ‘अडथळा नाही’ असं दिसतं, तेव्हाही ती आतल्या आत झुंजत असू शकते. कुठली नळी असं करते?

आता फुगा आणि जाळी या अस्तराचं काय करतात ते पाहा. दाबाखाली ते त्या जागी सोलवटून निघतं. जाळी असलेला भाग ताठ होतो, त्याला रुंदही होता येत नाही आणि आकसताही येत नाही. गोठू नको म्हणणारं कुणी उरलेलं नाही आणि वाढू नको म्हणणारंही नाही. मग गुठळी आणि वाढतं मांस, दोन्ही संकटं एकाच वेळी येतात. साध्या धातूच्या जाळीवर काही आठवड्या-महिन्यांत नवं अस्तर चढतं आणि गुठळीचा धोका पुष्कळ उतरतो. वाढत्या मांसाचं मात्र काय करायचं, हा प्रश्न उरला.

त्यावरचं औषध एका बेटावरच्या मातीत सापडलं. १९६४ साली कॅनडाची एक संशोधन-मोहीम प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली होती. तिथल्या मातीचे नमुने माँट्रियलच्या प्रयोगशाळेत आले. त्यांतल्या जीवाणूपासून १९७२ साली एक द्रव्य वेगळं काढलं गेलं. ते काढणाऱ्या गटाचे प्रमुख सुरेंद्रनाथ सेहगल, बनारस हिंदू विश्वविद्यालयात शिकलेले. बेटाच्या स्थानिक नावावरून, रापा नुईवरून, त्याला रापामायसिन नाव मिळालं. कंपनीने ती प्रयोगशाळा बंद केली तेव्हा सेहगल यांनी जीवाणूच्या कुप्या घरच्या फ्रीजमध्ये जपून ठेवल्या. हे औषध पुढे रोपण केलेलं मूत्रपिंड टिकवायला कामी आलं, आणि पेशींची वाढ रोखण्याच्या त्याच गुणामुळे स्टेंटवरच्या लेपातही. १९९९च्या डिसेंबरात ब्राझीलच्या साओ पावलोत असे स्टेंट पहिल्यांदा माणसात बसवले गेले. २००२ साली २३८ रोग्यांवरच्या चाचणीचा निकाल छापून आला. सहा महिन्यांनी साध्या जाळीच्या गटात २६.६ टक्के रोग्यांत रक्तवाहिनी पुन्हा अरुंद झालेली, औषधी जाळीच्या गटात शून्य! वैद्यकात शून्य हा आकडा फार क्वचित भेटतो. तो भेटला की जरा थबकावं. पण त्या वेळी कुणी थबकलं नाही, आणि माझ्या छातीतही असाच औषधी स्टेंट आला.

जे औषध स्नायूच्या पेशींना वाढू देत नव्हतं, ते अस्तराच्या पेशींनाही वाढू देत नव्हतं. त्याला भेद कळत नाही. मूळ भारतीय असलेल्या, दिल्लीत शिकून अमेरिकेत नावाजलेल्या विकृतिशास्त्रज्ञ डॉ. रेणू विरमाणी यांनी मृत रोग्यांचे स्टेंट सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. औषधी जाळीच्या तारा अनेक महिन्यांनंतरही ठिकठिकाणी उघड्या होत्या. जखम भरलीच नव्हती. २००५ साली स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या डॉक्टरांनी याहून चतुर प्रयोग केला. स्टेंट बसून सहा महिने झालेल्या लोकांना त्यांनी झोपल्या झोपल्या सायकल मारायला लावली आणि त्याच वेळी रक्तवाहिनी मोजली. साध्या जाळीच्या शेजारचा भाग श्रमाबरोबर रुंदावला, जसा तो रुंदावायला हवा. औषधी जाळीच्या शेजारचा भाग उलट आकसला. मग नायट्रोग्लिसरीन दिल्यावर तोच भाग छान सैलावला. म्हणजे स्नायू ठणठणीत होता, ‘सैल हो’ म्हणून सांगणारं अस्तर बिघडलं होतं. आणि जाळी जिथं नव्हती तिथलं बिघडलं होतं! औषध प्रवाहाबरोबर आणि भिंतीतून आजूबाजूला पोचत होतं.

सप्टेंबर २००६ मध्ये बार्सिलोनाच्या हृदयरोग परिषदेत औषधी स्टेंटवर उशिरा धरणाऱ्या गुठळ्यांचा प्रश्न जाहीरपणे मांडला गेला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत बातम्या झळकल्या. आबांना जाऊन दोन महिने झाले होते. ती बातमी मी ओट्यावर बसून वाचली. गोळ्या वेळेआधी बंद करणं हे अशा गुठळीचं सगळ्यांत मोठं कारण, हे त्याआधीच्या वर्षीच एका मोठ्या पाहणीत छापून आलेलं होतं. त्या दिवशी मी माझ्या गोळीचा डबा दोनदा उघडून पाहिला.

पुढची वाटचाल तारेची जाडी कमी करण्याची आहे. पहिल्या औषधी स्टेंटची तार १४० मायक्रॉन होती, म्हणजे केसाच्या साधारण दुप्पट. जाड तारेमागे रक्त घोटाळतं आणि तिच्यावर अस्तर चढायला वेळ लागतो. नंतरच्या पिढीत ती ८० मायक्रॉनच्या आसपास आली. आणि इथं आमच्या शेजारची सुरत कथेत शिरते. सुरतेच्या सहजानंद उद्योगसमूहाने हिरे कापायची लेझर यंत्रं बनवली होती. तीच कारागिरी त्यांनी स्टेंटकडे वळवली. त्यांचा ६० मायक्रॉन तारेचा स्टेंट युरोपातल्या सात देशांत १४३५ रोग्यांवरच्या चाचणीत नावाजलेल्या अमेरिकी स्टेंटच्या तोडीस तोड ठरला. तो निकाल २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. नंदुरबारहून सुरतेला जाणाऱ्या गाडीत आमच्याकडचे किती रोगी बसले असतील आणि त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल, की ज्या गावी आपण चाललो आहोत तिथं हिऱ्याच्या बाजूलाच हृदयाचीही जाळी कापली जाते!

काम झाल्यावर जाळी विरघळून जावी आणि रक्तवाहिनी पुन्हा मोकळेपणी हलावी, हे स्वप्नही पाहून झालं. वनस्पतिजन्य लॅक्टिक आम्लाच्या प्लॅस्टिकचे विरघळणारे स्टेंट माणसांत बसवले जाऊ लागले. दोन वर्षांनी त्या जागी रक्तवाहिनी खरोखर सैलावू-आकसू लागल्याचं दिसलंही. पण त्यांच्या तारा दीडशे मायक्रॉनच्या पुढे होत्या. गुठळ्यांचं प्रमाण जास्त निघालं आणि २०१७ साली त्यांतला प्रमुख स्टेंट बाजारातून मागे घेतला गेला. रक्तवाहिनीला घाई चालत नाही.

त्याच २०१७ सालच्या फेब्रुवारीत आपल्या सरकारने किमतींना लगाम घातला. औषधी स्टेंट, ज्याची छापील किंमत लाखाच्या वर असे, तो २९,६०० रुपयांवर आला, साधा ७,२६० वर. राज्य शासनाच्या राजीव गांधी जीवनदायी योजनेत धुळे जिल्हा २०१२च्या पहिल्या टप्प्यात होता, नंदुरबारला मात्र २०१३च्या अखेरीपर्यंत थांबावं लागलं. तापी ओलांडली की नियम बदलतो, याची आम्हाला सवय आहे.

एक गोष्ट सांगायची राहू नये. हृदयविकाराचा झटका आला असताना वेळेत घातलेला स्टेंट जीव वाचवतो, याबद्दल शंका नाही. पण झटका आलेला नाही, चालल्यावर दुखतं आणि थांबल्यावर राहतं, अशा स्थिर दुखण्यात स्टेंटने आयुष्य वाढतं असं २००७च्या आणि २०२०च्या मोठ्या चाचण्यांत दिसलं नाही. दुखणं कमी होतं, तेही खरं. कारण आजार एका जागी नसतो, भिंतीभर असतो. जाळी एका जागेची डागडुजी करते, उरलेल्या भिंतीसाठी तंबाखू सोडणं, चालणं, रक्तदाब, साखर आणि त्या कंटाळवाण्या गोळ्या. माझं दुखणं त्याच प्रकारातलं होतं. २००५ साली मला कुणी हे सांगितलं असतं, तर मी काय निवडलं असतं, याचा मी कधी कधी विचार करतो.

२०१८ साली आबांच्या मुलाला झटका आला. चाळिशी नुकती ओलांडलेली, आबांचीच बाग सांभाळतो. वेळेत पोचला, स्टेंट बसला, वाचला. घरी आल्यावर तोही आमच्या ओट्यावर आला. बिलावर स्टेंटची किंमत अठ्ठावीस हजारांच्या आत होती, ती त्याने मला बोट ठेवून दाखवली. बापासारखाच त्याचा पहिला प्रश्न गोळ्यांचा. मी आत जाऊन नातवाची वही आणली. नळी काढली नाही. कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळं काढली, सगळ्यांत आतलं वर्तुळ पेन्सिलीने अगदी हलकं. ‘‘हे सोललं गेलंय,’’ मी म्हणालो. ‘‘हे परत चढेपर्यंत रक्ताला उघडी तार दिसते. ती दिसू नये म्हणून गोळी. किती महिने ते तुझे डॉक्टर ठरवतील, तू नाही आणि मीही नाही.’’

तो बराच वेळ त्या आकृतीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘‘कलम बांधल्यावर साल धरेपर्यंत पट्टी सोडत नाहीत, तसंच ना काका?’’

मला तीस वर्षांत हे सुचलं नव्हतं. त्याने खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. तीनच उरल्या होत्या. औषधाचं दुकान बंद व्हायला अर्धा तास होता, मी त्याला आधी तिकडे पाठवलं.